नववा तांब्या

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. बाहेर उणे सव्वीस. तिळगूळ असा झाला की खलबत्त्यात फोडून वाटावा लागला. मेघना म्हणाली, "आई, पाक पुढे गेला." पाक बरोबर होता. दात कमी पडले.

बो. बाजूच्या दारानं वर आला. लंगडत नाही असं दाखवणारा माणूस लंगड्यापेक्षा लवकर ओळखू येतो. हातावर तिळगूळ ठेवला. म्हणाला, "दुखतंय नाही, आजी." विचारलं होतं कुणी?

मी सांगते, मेघना, माझी सून, लिहिते. मला अक्षर येत नाही. ती नावं अर्धीच लिहिते. बो. म्हणजे बोयान, खालचा भाडेकरू. दी. म्हणजे दीपक, माझा मुलगा. पूर्ण लिहायला हात दुखतो म्हणे. ऑफिसात दिवसभर बोटं नाचवते तेव्हा नाही दुखत. हेही लिही ग. लिहिलंस? वाच.

१६ जानेवारी

बो. दोन वर्षं आमच्या बेसमेंटमध्ये. सर्बियाचा. चौतिशीचा दांडगा गडी, आणि पोट भरतो चेंडूमागं पळून. इथल्या कॅल्गरीच्याच क्लबात आहे. कुठल्या जागेवर खेळतो म्हणून दी.ला विचारलं. मिडफिल्डर. म्हणजे काय? तर गोल करणारा वेगळा, अडवणारा वेगळा, हा मधे. याच्याकडून घ्यायचं, त्याला द्यायचं, सगळ्यात जास्त पळायचं आणि नाव दुसऱ्याचं व्हायचं. म्हटलं, म्हणजे घरातली सून. हे वाक्य मेघनानं न सांगता अधोरेखित केलंय, मला रेघ कळते.

१९ फेब्रु.ला त्याची क्लबाची डॉक्टरी तपासणी. पास झाला तर अजून एक वर्ष. नाही तर क्लब नाही, आणि क्लब नाही तर इथं राहायचा कागदही नाही. उजवा गुडघा ऑक्टोबरपासून धरतो. क्लबात सांगितलेलं नाही. मला तरी कुठं सांगितलं? हातानं काढून घेतलं मी.

१८ जानेवारी, रविवार

तेल. तिळाचं, कोमट. त्याचा पाय माझ्या मांडीवर, भरल्या घागरीएवढा जड. मेघना शेजारी बसून त्याच्या इंग्रजीचं मराठी करते. ती नसली की तो फोनशी बोलतो आणि फोन माझ्याशी हिंदीत बोलतो, बाईच्या आवाजात. एवढ्या मिशीला तो आवाज.

आज म्हटलं, सांग, कुठली खूण कुठली. डावा घोटा जाड, तो पहिला क्लब. गावाजवळ, नदीकाठचं मैदान, निम्मं चिखलात. पंधरा वर्षांचा होता. नडगीवरची खाच बेलग्रेडची. मोठा क्लब, दोन वर्षं बाकावरच जास्त. खाच सरावातली, आपल्याच गड्यानं दिलेली. मांडीतली गाठ हंगेरी. तिथं कॅप्टन होता. हे सांगताना पाय आपोआप ताठ केला. टाच ग्रीसची. तो क्लबच बुडाला म्हणे, टाच तेवढी राहिली. मग परत देशात दोन क्लब, दोघांनी मिळून करंगळी मोडली. कझाकस्तान, स्लोव्हेनिया, तिथलं कंबरेत आहे, कंबर मी बघत नाही. नववा इथला.

नऊ क्लब. पोथी वाचता आली नाही कधी, हे आलं.

उजव्या गुडघ्यापाशी हात थांबला. वाटी हलते. आत काहीतरी सुटलंय, ओल्या सुतळीचा पीळ सुटावा तसं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. म्हटलं, उद्या परत तेल.

१९ जानेवारी

पैलवान आठवत राहिले दिवसभर. मेघना, तू तुझे सासरे काठी टेकत चालणारे पाहिलेस. त्याच्या आधीचे मी पाहिलेत. मांडी चोळायची तर माझे दोन्ही हात पुरायचे नाहीत. यात्रेची कुस्ती चार दिवसांवर आणि गुडघा असाच हाताला लागला. म्हणाले, "वस्तादांना बोलू नकोस." नाही बोलले. तालमीतलं बाईनं बोलायचं नसतं, असंही होतं. आणि मला ती कुस्ती बघायची होती, असंही.

जिंकले. चौघांनी उचलून घरी आणले. फेटा अजून गावी ट्रंकेत आहे. पाय पुन्हा सरळ झाला नाही.

२० जानेवारी, मंगळवार

बो.च्या घराण्याच्या देवाचा दिवस. बापाकडून मुलाकडे येतो देव, आपल्या कुलदैवतासारखा. खाली बोलावलं आम्हाला. मेणबत्ती, गोल रोट, आणि उकडलेले गहू, अक्रोड आणि साखर घालून. उभ्यानं चमचाभर खायचे. खाल्ले. म्हटलं, खीर झक्क झालीय, फक्त दूध विसरलास. आणि गूळ. आणि वेलदोडा. मेघनानं सांगितल्यावर हसला, मग अजून एक चमचा दिला.

फोनवर त्याची आई. खाटेवर. दोन वर्षांपूर्वी अर्धं अंग गेलं. तोंड वाकडं, डोळे शाबूत. बो.ची मॅच असली की शेजारीण फोन उशीला टेकवून देते, ही पापणी न हलवता शेवटपर्यंत बघते. बाकी दिवस भिंतीकडे तोंड. बाई माझ्याशी बरंच बोलली. मीही बोलले. कुणाला कुणाचं कळलं नाही, पण गप्पा चांगल्या झाल्या.

मग बो.नं पाण्याचं सांगितलं. नव्या क्लबाकडे निघाला की आई दारातून त्याच्या मागं भांडंभर पाणी टाकायची. काम पाण्यासारखं वाहत जावं म्हणून. आठ क्लब, आठ भांडी. इकडं यायला निघाला तेव्हा ती हॉस्पिटलात. नववं राहिलं. "आजी, १९ तारखेला तू टाक."

हातच जोडले. आमच्यात मढं उचलून नेलं की मागं पाणी टाकून घर धुतात. जित्या माणसाच्या मागं? मी दही देईन हातावर. मेघनानं इंग्रजी करताना मढं गाळलं. लांबलचक सांगितलं मी, आणि हिचं चार शब्दांत उरकलं.

२ फेब्रुवारी

चिनूक. डोंगराकडून गरम वारा आला आणि एका दिवसात उणे वीसचं अधिक आठ. सगळं वितळलं. संध्याकाळी परत गोठलं. ड्राइव्हवेचा आरसा. दी. शोव्हलनं बर्फ ओढतो, पाय घसरू नये म्हणून मीठ टाकतो, तिकडं तोंड करून काहीतरी पुटपुटतो.

बो. सरावाहून आला. गुडघा भोपळा. बर्फाची पिशवी लावून बसला. बाहेर एवढा पडलाय, तरी पिशवीतलाच लागतो.

विचारलं त्यानं, "बरा होईल?" मी म्हटलं, बघू. मेघना त्याला म्हणाली, "मेबी." मी ओळखते तो शब्द. आपल्यात 'बघू' म्हणजे 'नाही', हे पाळण्यातल्याला कळतं. तिला सांगितलं. तर म्हणते, "आई, मग तुम्हीच सांगा ना त्याला नाही म्हणून."

सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी

शेवटचं तेल. बो. निघताना फोनपुढं काहीतरी बोलला आणि फोन माझ्यापुढं धरला. फोनमधली बाई म्हणाली, "मैं रुक गया तो माँ क्या देखेगी?"

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दही दिलं. गेला. दहा मिनिटांत परत आला आणि बाजूच्या दारापाशी पडला. गुडघ्यावर. आवाज मी आतून ऐकला. दी.नं इमर्जन्सीत नेलं. आज एवढंच.

२१ फेब्रुवारी

फोटो काढले गुडघ्याचे. आतली दोरी तुटलीय. तपासणी राहिली, आता होणारही नाही.

दी. जेवला नाही. "सकाळी मीठ टाकायचं राहिलं गं आई. ड्राइव्हवेला टाकलं, बाजूच्या पायरीला नाही. माझ्यामुळं गेलं त्याचं वर्ष." मेघना समजावत होती, चिनूकचं पाणी छपरावरून ठिबकतं, कुणाच्या हातात असतं. मी भात कालवत होते.

२२ फेब्रुवारी, रविवार

लिही. मान खाली ठेव आणि लिही.

गुरुवारी त्याच्या हातावर दही ठेवलं. पायरी उतरून गाडीकडे गेला. पाठमोरा दिसला. पाठ ताठ, पाय जपून. पैलवान असेच गेले होते आखाड्याकडे. मला वाटलं, जे बोलायचं ते मी याही वेळी बोलले नाही, निदान त्यानं मागितलं ते तरी द्यावं. देवापुढचा तांब्या घेतला. एवढ्या थंडीत कुणाच्या मागं गार पाणी कसं टाकायचं, म्हणून कोमट केलं. टाकलं पायरीवर. वाफ आली. बरं वाटलं मला. दार लावलं.

तो क्लबाचं कार्ड विसरला होता. कोपऱ्यावरून गाडी वळवून परत आला.

सहा वर्षं झाली मला इथं येऊन. इथलं पाणी पडल्या जागी गोठतं, हे डोळ्यांना कळलंय. हाताला अजून कळलेलं नाही. हाताला एवढंच माहीत की टाकलेलं पाणी वाहतं.

का थांबलीस? लिही की.

(लिहिते आहे, आई. मे.)

कंसात काय लिहिलंस?

२३ फेब्रुवारी

मेघना म्हणाली, "ह्यांना मी सांगते. बोयानला तुम्ही सांगायचं. मी फक्त इंग्रजी करणार, गाळणार काही नाही." कडक झाली सून. चांगलं झालं.

दी.ला कळलं. उठला. मिठाचं पोतं उचलून बाजूच्या दारापाशी नेऊन ठेवलं. आता ठेवून काय उपयोग म्हणणार होते, नाही म्हटलं.

२४ फेब्रुवारी

खाली गेले. पायऱ्या एकेक करून, बसत. बो. सोफ्यावर, पाय उशीवर. सगळं सांगितलं. तांब्या, कोमट, वाफ. मेघनानं सगळं इंग्रजी केलं, शब्द न शब्द.

तो म्हणाला, "माहीत आहे."

पडल्या पडल्या मान वर केली तेव्हा खिडकीत तांब्या दिसला होता त्याला. पाच दिवस कुणाला बोलला नाही. क्लबात, दवाखान्यात सगळीकडे एकच सांगितलं, बर्फ होता. मग फोन उचलला. मेघना होती तरी फोनशीच बोलला, त्याच्या भाषेत. डॉक्टरनं सांगितलंय, ती दोरी आधीच बरीच तुटलेली होती. जुनी. या महिन्यात नाही तर पुढच्या महिन्यात जाणारच होती. "मुझे अक्टूबर से पता था। आपको भी पता था।"

मी मान हलवली.

"आपने क्यों नहीं बताया?"

फोनमधल्या बाईला राग येत नाही. तिनं फार सभ्यपणे विचारलं. फोन वाट बघत राहिला, मग आपोआप काळा झाला.

२६ फेब्रुवारी

त्यानं आईला सांगितलं. मला वर फोन आणून दिला. बाई अर्ध्या तोंडानं हसत होती. मेघनाला मधे घालून कळलं ते असं: कोमट कोण टाकतं! आणि पायरीवर कशाला? बाजूला, गवतावर टाकायचं असतं. त्यांच्याकडेही बर्फ पडतो की.

म्हणजे आमच्यात हे नाहीच, हा भाग सोडून देऊ. मी टाकलं तेही चुकीचं टाकलं. साठ वर्षं स्वयंपाकघर सांभाळलं आणि पाणी ओतायला दुसऱ्या देशातल्या खाटेवरच्या बाईनं शिकवलं.

हसता हसता ती रडायला लागली. अर्ध्याच तोंडानं. मी फोन कडेवर घेतल्यासारखा धरून बसले.

५ मार्च

क्लबातून दोघं आले. फुलं आणली. चांगली माणसं. बो.च्या खांद्यावर हात ठेवून बसले. अजून एक वर्ष नाही.

१७ मार्च

बो.ला फोन आला. पहिल्या क्लबातून, नदीकाठच्या. लहान लीग, तिसऱ्या की चौथ्या दर्जाची. ऑगस्टपासून ये म्हणाले. जास्त पळू नकोस, मधे उभा राहा, चेंडू दे. तुझं नाव आहे.

इथला डॉक्टर म्हणतो, ऑपरेशन, मग नऊ महिने, मग बघू. (डॉक्टरचंही बघूच.) बो. म्हणतो, ऑपरेशन नको, पट्टा बांधून खेळतो. मैदान घरापासून दहा मिनिटांवर. आईला खुर्चीवर बसवून नेता येईल. फोन नको, उशी नको. तिच्यासमोर खेळायचं, एकदा तरी.

हे सांगताना त्याचा चेहरा कसा झाला होता ते मेघना, तुला लिहिता येत असेल तर लिही. मला सांगता येत नाही.

(पंधरा वर्षांचा. मे.)

२१ मार्च

आज तेलाला आला. महिनाभर आला नव्हता. पाय मांडीवर ठेवला आणि मराठीत म्हणाला, "आजी. बघू नाही. सांग."

हे 'बघू नाही' त्याला मेघनानं शिकवलंय, मला माहीत आहे.

दोन्ही अंगठे वाटीच्या खाली ठेवले. सूज उतरलीय. वरून गुडघा चांगला दिसतो, पैलवानांचाही दिसायचा. आत धरायला काही नाही. डावीकडून दाबलं की उजवीकडे जातो. असा पाय घेऊन उभं राहता येतं. चालता येतं. वळता येत नाही. आणि मधल्या गड्याला सारखं वळावंच लागतं, एवढं मला दोन वर्षांत कळलंय.

म्हटलं, खेळू नको.

मेघना थांबली. मी म्हटलं, सांग त्याला. खेळू नको. एक मॅच खेळशील, जिंकशीलही. नंतर तुला उचलून आणतील आणि तुझ्या आईला ते समोर बसून बघावं लागेल. मी बघितलंय. मैदानाच्या कडेला तिच्या शेजारी खुर्ची टाकून बस. तिला तूच बघायचा असतोस, चेंडूचं तिला काय?

मेघनानं सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

त्यानं पाय काढून घेतला. हळू. तेल पुसलं नाही, तसाच खाली गेला. पायऱ्यांवर आवाज येत राहिला, एक जड, एक हलका.

२४ मार्च

आला नाही. तेलाची वाटी झाकून ठेवलीय.

मेघना म्हणते, "आई, बरोबर केलंत तुम्ही." बरोबर करायला चाळीस वर्षं उशीर झाला. आणि ज्यांना सांगायचं होतं ते ऐकायला नाहीत. याला सांगितलं, तर हा बोलत नाही.

३० मार्च

बो. वर आला, चहाला. गुडघ्याचं कुणी काढलं नाही. तिकीट काढलंय, त्यांच्या मोठ्या सणाला घरी पोचेल. दी.नं विचारलं, "मग ऑगस्टचं काय ठरलं?" चहात साखर ढवळत राहिला. साखर घेत नाही तो.

८ एप्रिल, बुधवार

गेला.

बेसमेंट झाडून पुसून ठेवलं होतं, सुनेनं ठेवावं तसं. दोन बॅगा. दी. विमानतळावर सोडायला. मेघनाला मिठी मारली, माझ्या पायाला हात लावला, हे कुणी शिकवलं कळलं नाही. त्यांच्यात आजीला 'बाबा' म्हणतात, तसं एकदा म्हणाला. म्हटलं, मिशी तुझी आणि बाबा मी?

हातावर दही दिलं. बाजूच्या दारातून बाहेर पडला आणि पायरी उतरून उभाच राहिला. माझ्याकडे पाठ करून. मागितलं नाही. नुसता उभा.

मी आत जाऊन तांब्या भरला. नळाचं गार.

पायरीवर नाही. बाजूला, गवतावर. गवत अजून पिवळंच, खाली माती ओली झालेली. पाणी जरासं पुढं गेलं, मग दिसेनासं झालं. म्हटलं, जा आता. मागं बघू नको. मेघनानं सांगायच्या आधीच तो निघाला होता. बघितलं नाही त्यानं मागं.

गाडी वळल्यावर दार लावायला गेले तर दाराआड फळीवर त्याचे बूट. खेळायचे. खिळेवाले, काळे, नाड्या आत खोचलेल्या, माती काढून पुसलेले.

मेघना म्हणाली, "विसरला! फोन करते, सिग्नललाच असतील अजून." फोन हातात घेतला तिनं. मी तिचा हात धरला. म्हटलं, एकदा विसरलेलं न्यायला परत आला होता, तेवढं पुरे.

ती म्हणाली, "आई, पण विसरला असेल तर?"

पुसून कोण विसरतं? आणि ठेवून जायचे होते तर सांगितलं का नाही? बूट हलवू नकोस म्हटलं तिला.

१९ एप्रिल, रविवार

बो.चा फोन. दुसऱ्यांदा. आईला अंगणात आणून बसवलं होतं. ऊन पडलं होतं दोघांवर. तिनं मला हात हलवून दाखवला, चांगला हात. मागं नदी दिसते का विचारलं, तर फोन वळवून दाखवली. मैदान दाखवलं नाही. मी विचारलं नाही.

गुडघा कसा आहे? "दुखतंय नाही, आजी." ऑपरेशन? म्हणाला, "बघू."

मराठीत म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, आपल्यातलं बघू की त्याच्यातलं, ते दिसतंय का म्हणून. चित्र अडकत होतं.

सगळं बोलला. बुटांचं काढलं नाही. मीही नाही. फळीवर आहेत, रोज येता-जाता बघते. काल मेघनानं त्यांची धूळ पुसली, मी फळीवर खिळ्यांचा आवाज ऐकला.